वाफा क्रमांक सात

धुळ्याच्या प्रयोगशाळेत रात्री वीज गेली
की मी नरसाळ्यांकडे बघत बसते.
चौदा नरसाळी, काचेची; खाली रबरी नळी, नळीला चिमटा.
वर चाळणीत पातळ कागद, कागदावर मूठभर माती,
मातीला खालून जेमतेम टेकलेलं पाणी.
जिवंत असेल त्या मातीतून सकाळपर्यंत
सूत्रकृमी कागद ओलांडून उतरतात,
आठवडे बाजाराला पायवाटांनी माणसं उतरावीत तसे.

सकाळी चिमटा सोडते. बशीला खालून चौकटी आखलेल्या.
अंगठ्याखाली मोजयंत्र, टक, टक.
तोंडात सुई असलेला मुळं पितो.
सुई नसलेला जिवाणू खातो
आणि खाऊन उरलेलं नत्र मुळापाशी टाकतो.
सर म्हणतात, सगळ्यांना एका माळेत ओवू नका.
ओवत नाही. दोन रकाने आहेत.

माती बोरीकाठची, हिंमत आबांच्या मळ्यातली.
उडीद. तीन पावसाळे.
सात वाफ्यांवर भटू पंप पाठीला लावून तणनाशक मारतो,
तोंडाला बायकोच्या जुन्या ओढणीचा तुकडा.
उरलेल्या सातांत खुरपं. खुरप्यामागे केवळबाई.
गावात आता निंदायला तिला कोणी बोलावत नाही,
एक आमचा प्रयोग तेवढा बोलावतो.
तुलनेसाठी.

"तुलना म्हंजे काय शे वं माय?"
मी म्हटलं, तुम्ही नसल्यावर काय होतं ते कळायला
तुम्ही लागता.
तिने खुरप्याची माती अंगठ्याने पुसली.
"हाई बरं शे. रोज कितला देतस?"

खरं लिहायचं तर पहिल्या वर्षी
फवारलेल्या वाफ्यांनी जास्त उडीद दिला.
भटूने टोपली माझ्या नाकापर्यंत आणून दाखवली.
दुसऱ्या वर्षी उन्नीस-बीस.
तिसऱ्या वर्षी, भादव्यात, त्याने वाफा चारमधलं झाड उपटलं,
मुळावर गाठीच गाठी. "बघा मॅडम, किती धरल्यात!"
केवळबाईने एक गाठ अंगठ्याने घासली. निघेना.
पुन्हा घासली. मूळच सोलून आलं.
"हाई गाठ नही वं," ती म्हणाली, "हाई सूज शे."
मग सातव्यात गेली, तिथलं झाड काढलं.
इथल्या गाठी थोड्या, पण चिमटीत आल्या,
नखाने फोडली तर आत गुलाबी,
लहान मुलाच्या हिरडीसारखी.

मला हेच समजायला
दोन दिवस आणि अकराशे टक लागले.

अहवालात लिहिलं: सुईवाले वाढले,
बिनसुईचे निम्म्यावर आले, उडीद एकरी सत्तर किलोने उतरला.
सरांनी कडेला पेन्सिलने लिहिलं:
पाऊसही कमी होता, तीन वर्षं थोडी,
"कदाचित" घाला.
घातला. तो शब्द खोटा नाही.
चौथा पावसाळा मात्र मंजूर झाला नाही.

शेवटची मजुरी घ्यायला केवळबाई धुळ्याला आली,
एसटीने, पिशवीत माझ्यासाठी सातव्या वाफ्यातले उडीद.
मी तिला स्टुलावर बसवलं, भिंग तिच्या डोळ्याला जुळवून दिलं.
एक डोळा मिटायला तिला जमेना, पदराने झाकला.
बराच वेळ काही बोलली नाही.
"चालू शेतस," म्हणाली. मग,
"रातदिन हाईच काम?"
हो म्हटलं.
"आन त्यास्ले रोज कोन देस?"

मी सहीचा कागद पुढे केला.
तिने अंगठा शाईत बुडवला,
तोच अंगठा, नखात अजून काळी माती,
आणि कागदावर ठेवला.
ठसा उमटला, वळणावळणांचा, बारीक रेघांचा.
मी नकळत
मोजायला लागले.